मोपा ते सोलापूर विमानाने : आठ महिने, सात फेऱ्या

माझं माहेर सोलापूर, सासर म्हापसा. लग्नाला सतरा वर्षं झाली. माहेरी जायचं म्हणजे चोर्ला घाट, बेळगाव, विजापूर असा सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता. गाडीने नऊ तास, आणि घाटात मुलीला उलट्या ठरलेल्या. जून २०२५ मध्ये गोवा-सोलापूर विमान सुरू झालं, तेव्हापासून सात वेळा जाऊन आले.

आधी अंतराचं सांगते. नकाशावर पट्टी ठेवली तर मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला विमानतळ, ते सोलापूर जेमतेम ३०० किलोमीटर. या मार्गावर एटीआर ७२ असतं, पंख्याचं विमान, ताशी साधारण ५०० किलोमीटर जाणारं. हिशेबाने छत्तीस मिनिटं व्हायला हवीत. पण चढता-उतरताना वेग कमी असतो, शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान आधी समुद्राकडे तोंड करून उडतं आणि मग वळून सह्याद्रीवर येतं. घड्याळ लावून पाहिलंय, चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत पन्नासेक मिनिटं लागतात. तिकिटावर जास्त वेळ दिसतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो.

म्हापशाहून मोपा पंचवीसेक किलोमीटर. दीड तास आधी पोहोचायचं. सोलापूरला विमानतळ होटगी रोडवर, शहराला लागूनच. घराच्या दारापासून दारापर्यंत चार तास धरा. मडगाव-काणकोणकडच्यांना मात्र मोपाच लांब पडतं, त्यांनी दीड-दोन तास वाढवूनच ठरवावं.

दिवाळीत आईला घेऊन आले. वय ७६, गुडघे गेलेले, पहिलंच विमान. एटीआरला दार मागच्या बाजूला, आणि दारालाच पायऱ्या, मोजून थोड्याच. तिने एका हाताने कठडा धरला, शेंगाचटणीचा डबा काही सोडला नाही. दोन-दोनच सीट, त्यामुळे खिडकी तिला. विमान फार उंच जात नाही, खालचं नीट दिसतं. ‘‘ही मंगळवेढ्याकडची रानं,’’ म्हणाली, काळ्या मातीवरूनच ओळखली. पुढे कृष्णा दिसली तसे काचेतूनच हात जोडले. आजरा-चंदगडकडे सगळं हिरवं झालं, तेव्हा तिला वाटलं गोवा आला.

त्रासाचंही लिहायला हवं. विमान रोज नाही, आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच. जुलैमध्ये मोपाच्या पठारावर ढग उतरले होते, तीन तास बसून राहिलो. आणि ऑगस्टमध्ये काका गेले, त्या दिवशी विमान नव्हतं. रात्रीच्या बसने गेले, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तातडीच्या वेळी या विमानावर विसंबू नका, बसवाल्याचा नंबर जपून ठेवा. तिकीटही आधी काढलं तरच परवडतं. ऐन सणाला दर ऐकून मी दोनदा बेत रद्द केला.

कोकम आगळ मात्र चेक-इन सामानातच टाका. हातातल्या पिशवीतली बाटली माझ्याकडून काढून घेतली, सासूबाईंनी घरी केलेलं आगळ होतं, फार वाईट वाटलं.

यंदा संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला गेले. सातही नंदीध्वज, अक्षता, सगळं मुलीला दाखवलं. ती बारा वर्षांची, आणि तिने पहिल्यांदाच पाहिलं. आता परीक्षा संपल्यावर एप्रिलचं तिकीट काढून ठेवलंय, दोघींचं.