सोल्युबल टीएनएफ रिसेप्टर: साधा घ्यायचा की एफसीवाला?

पेशींच्या प्रयोगात टीएनएफ (सूज पेटवणारं सिग्नल-प्रथिन) अडवायचाय आणि कॅटलॉगमध्ये त्याच्या रिसेप्टरचे, म्हणजे पेशीवर त्याला पकडणाऱ्या प्रथिनाचे, दोन सोल्युबल (विरघळणारे) प्रकार दिसतायत. एक साधा सोल्युबल टीएनएफआर-१, म्हणजे रिसेप्टरचा फक्त पेशीबाहेरचा भाग, मोनोमर (एकेकटा). दुसरा टीएनएफआर-२ चा तसाच भाग पण अँटिबॉडीच्या एफसीला (शेपटीकडच्या भागाला) जोडलेला, त्यामुळे डायमर (दोघांची जोडी). नुसती किंमत बघून ठरवू नका.

ब्लॉकिंगच करायचं असेल तर सरळ एफसीवाला घ्या. टीएनएफ हा ट्रायमर (तिघांचा गट) असतो, डायमर त्याला दोन हातांनी धरतो, एक हात सुटला तरी दुसऱ्याने धरलेलं असतंच, मोनोमर मात्र पकडतो आणि पटकन सोडूनही देतो, त्यामुळे तेवढाच परिणाम हवा तर तो कितीतरी जास्त टाकावा लागतो. वर गंमत अशी की कमी डोसला सोल्युबल रिसेप्टर टीएनएफला टिकवून ठेवून हळूहळू सोडू शकतो, म्हणजे कल्चर लांबलं की अडवायला घातलेल्यानेच मदत केली! १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एटॅनरसेप्ट हे संधिवातावरचं औषध टीएनएफआर-२ आणि आयजीजी-१ (अँटिबॉडीचा एक प्रकार) च्या एफसीचंच फ्यूजन आहे, ते उगाच नाही. फक्त हा एफसीवाला लिम्फोटॉक्सिन-अल्फा या टीएनएफच्या भावंड-प्रथिनालाही धरतो, निव्वळ टीएनएफच अडवायचा असेल तर न्यूट्रलायझिंग (टीएनएफला निकामी करणारी) अँटिबॉडी बघा.

एफसीची डोकेदुखी मॅक्रोफाजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये), कारण त्यांच्यावर एफसीला पकडणारे रिसेप्टर असतात. तेवढ्याच मोलॅरिटीचा नुसता ह्युमन आयजीजी-१ एफसी कंट्रोल म्हणून सोबतच मागवा, नाहीतर रिव्ह्यूअर विचारणारच. आणि टीएनएफ खरंच अडला का हे एलायझावर (अँटिबॉडीने प्रथिन मोजायच्या चाचणीवर) ठरवू नका, रिसेप्टरला चिकटलेला टीएनएफ किटप्रमाणे कधी दिसतो कधी लपतो. टीएनएफने मरणाऱ्या एल९२९ पेशी, त्यांना आणखी नाजूक करणारं ॲक्टिनोमायसिन डी, दुसऱ्या दिवशी उरलेल्या पेशी रंगवणारं क्रिस्टल व्हायोलेट: टीएनएफ मोकळा असेल तर प्लेटमधली वेल फिकट, अडला असेल तर गडद जांभळी. डोळ्यांनीच कळतं.

मग मोनोमर कशाला? एसपीआरवर (चिपवर दोन प्रथिनं किती घट्ट चिकटतात ते मोजणाऱ्या यंत्रावर) खरी ॲफिनिटी, म्हणजे एका हाताची पकड, मोजायला. तिथे डायमरचे दोन हात एकदम धरतात आणि पकड आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. पण कॅरियर-फ्रीच (टिकवायला भरीचं प्रथिन न घातलेला) घ्या, बीएसए हे भरीचं प्रथिन असेल तर चिपवर अमाइन कपलिंग (प्रथिन चिपला पक्कं जोडणं) करताना तोच आधी जाऊन बसेल.

रिसेप्टर ई. कोलाय या जिवाणूत बनवलेला असेल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा) आकडा आधी बघा. मॅक्रोफाजला एंडोटॉक्सिन मिळालं की ते टीएनएफच सोडणार, म्हणजे आपणच घालायचा आणि आपणच अडवायचा. एचईके किंवा सीएचओ या सस्तन पेशींमधला असेल तर हा घोर बराच कमी, तरी त्या लॉटची तपासणीची शीट मागून घ्या.

शेवटचं, स्पीशीज. ह्युमन टीएनएफ उंदराच्या टीएनएफआर-१ ला चांगला चिकटतो, टीएनएफआर-२ ला जवळपास नाहीच. त्यामुळे लॅबच्या फ्रीजरमध्ये कोणाचा तरी माऊस टीएनएफआर-२ एफसी पडलाय म्हणून तो ह्युमन पेशींच्या प्रयोगात वापरू नका.