मोडी नकाशाच्या नादात गेलेले 42,000 रुपये

जुन्या नाण्यांचा नाद मला नोकरीत असल्यापासूनचा. रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची, तांब्याच्या शिवराया उजेडात धरून बघायच्या, परवडली तर एखादी घ्यायची. तिथेच एका गृहस्थांची ओळख झाली. चाळिशीचे, बोलायला अतिशय गोड. तीन-चार रविवार चहापाणी झाल्यावर त्यांनी विषय काढला. "काका, आमच्या घराण्यात पेशवाईतला एक नकाशा आहे. मोडी लिपीत आहे. आम्हाला वाचता येत नाही, पण जागा पानशेत रस्त्याकडची आहे."

पुढच्या भेटीत त्यांनी तो दाखवला. पिवळट तपकिरी कागद, कडा कुरतडलेल्या, एका कोपऱ्यात पसरट डाग. नदी, गडाचा डोंगर, एक चिंच, एक विहीर, आणि खाली शके 1712. म्हणजे 1790, नाना फडणवीसांचा काळ. माझे हात खरंच थरथरले. कागद मात्र अर्धाच होता. उरलेला तुकडा "चुलतभावाकडे" होता आणि तो पैसे घेतल्याशिवाय देणार नव्हता.

पहिले 12,000 मी असे दिले. मग ते मेटल डिटेक्टर घेऊन आले आणि आम्ही एका शेताच्या बांधावर गेलो. मशीन पंधरा फूट खोलवरचं पकडतं, असं त्यांचं म्हणणं. विहिरीजवळ ते ओरडलं, त्यांनी खुरप्याने चार बोटं माती काढली आणि हिरवट शिवराई वर आली. त्या क्षणी मी विश्वास टाकला. उरलेल्या तुकड्यासाठी आणखी 30,000 दुसऱ्याच दिवशी, तेही रोख, पावतीशिवाय दिले आणि तुकडा हातात आला. त्यानंतर त्यांचा फोन बंद.

आता ती माती आठवते. भोवतालची जमीन उन्हाने दगडासारखी झालेली आणि तेवढी एकच जागा भुसभुशीत. असली शिवराई जुन्या बाजारात कुणालाही मिळते, मीच कितीदा घेतली आहे. मशीनचं पुढे एका जाणकाराने समजावलं. साध्या डिटेक्टरला नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर थोडी अधिक खोलवर कळते. शिवाय आपल्याकडचा काळा पाषाण लोहयुक्त. मशीन त्या जमिनीला नीट जुळवून घेतलं नाही, तर ते नुसत्या दगडावरही ओरडतं.

नकाशाचे दोन्ही तुकडे मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेल्या एका ताईंना दाखवले. पैसे देण्याआधी गेलो असतो तर! त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हा 'स' बघा. आता खालच्या ओळीतला बघा. आणि हा तिसरा." तिन्ही अक्षरं तंतोतंत एक. बोरू शाईत बुडवून लिहिताना रेघ कुठे जाड होते, कुठे सुकते. दोन अक्षरं अशी कधीच येत नाहीत. हा संगणकावरचा फॉन्ट होता. दुसरं, पेशवे दफ्तरातल्या कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे अरबी वर्ष, आणि 'चंद्र', म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, लिहिलेली असते. इथे नुसता शक. तिसरं तर मला स्वतःलाच दिसायला हवं होतं. खडकवासल्याला नदी फुगवून तळ्यासारखी काढली होती. ते धरण इंग्रजांनी 1870 च्या दशकात बांधलं. 1790 मध्ये तिथे तळं कुठून येणार? कुणीतरी अलीकडच्या नकाशावरून रेघ गिरवली होती. शिवाय कोपऱ्यात मापाची पट्टी आणि उत्तरेचा बाण. त्या काळचे आपले नकाशे चित्रासारखे असत. देऊळ जसं दिसतं तसं काढायचं, झाडं आडवी-उभी, अंतर अंदाजाने.

जुन्या नकाशांची गोडी मला अजूनही आहे आणि ती वाईट आहे असं मी मानत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे एका इंचात एक मैल दाखवणारे जुने नकाशे बघा. धरणात गेलेली गावं, बुजलेल्या वाटा, बाजाराच्या जागा सगळं त्यात सापडतं. पण तिथे खणायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला ती कळायला फार उशीर झाला. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खणायचा विचारही करू नये.

हे ठग याच भीतीवर जगतात. फसलेला माणूस तक्रार करायला कचरतो. पोलीस चौकीत गेलो, तर मला पहिला प्रश्न आला, "तुम्ही तिथे खणलंत का?" घशाला कोरड पडली होती, तरी मी घडलं ते सगळं सांगितलं, शिवराईही टेबलावर ठेवली. तक्रार लिहून घेतली गेली.

महिन्याभराने चौकीतून बोलावणं आलं. हडपसरचे एक निवृत्त गृहस्थ तिथे बसले होते, त्यांच्या पिशवीतही नकाशा. त्या नकाशावर जागा सासवडकडची, नदी वेगळी, विहीर वेगळी. आम्ही दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. कोपऱ्यातला तो तपकिरी डाग दोन्हींवर त्याच जागी होता, त्याच आकाराचा, कडेच्या तीन शिंतोड्यांसकट.