डिजिटल परिवर्तनाच्या नावाखाली ३१,८०,१०० रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

रक्कम आधी सांगतो. ती सांगायला माणसं लाजतात म्हणूनच असले लोक मोकाट फिरतात. साठा, डिस्पॅच, हिशेब सगळं एका सॉफ्टवेअरवर आणून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागाराशी कंत्राट केलं, ३८,५०,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी. त्यातले दोन हप्ते आम्ही भरले: १५,४०,००० आणि ११,५५,०००. जीएसटी धरून ३१,८०,१००. बदल्यात मिळालं एक लॉगिन, आणि तेही आता बंद आहे.

आमचा कारखाना यंत्रांचे सुटे भाग बनवतो. मध्यम उद्योगात मोडतो, पण आयटी विभाग म्हणजे एकच मुलगा, आणि प्रिंटर अडकला तरी हाका त्यालाच. हे लोक नेमक्या अशाच कंपन्या हेरतात. मोठ्यांकडे करार तपासणारी फौज असते, लहान कारखानदार टॅली आणि एक्सेलवर भागवतो. मधल्याकडे पैसे असतात, पण खोदून विचारणारं कुणी नसतं. आणि आमची गरज खोटी नव्हती. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला, त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आलं. साठा एका वहीत, डिस्पॅच दुसऱ्या फाइलमध्ये, असं किती दिवस चालणार होतं?

पुढचं तुम्हाला माहीत असेल. फुकट ‘असेसमेंट’, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा तक्ता, तुमचे स्पर्धक कुठल्या कुठे गेले ही भीती, मग रोडमॅप. सल्लागाराने आधीच्या ग्राहकांचे दोन नंबर दिले, आम्ही फोनही केले. दोघंही तोंडभरून बोलले. ती त्याचीच माणसं होती हे नंतर कळलं. संदर्भाचा नंबर त्याच्याकडून घेऊच नका. कंपनीचं नाव घ्या आणि नंबर स्वतः शोधा.

आता तो दिवस, जो अजून झोपू देत नाही. कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड लावला होता. ‘लाइव्ह डेटा’ असं तीनदा म्हणाला. आमचा स्टोअरकीपर मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, “साहेब, हा माल तर काल गाडीत भरून गेला. इथं अजून शिल्लक दाखवतंय.” सगळं तिथंच उघडं पडलं होतं. पडद्यावरचा आकडा आम्हीच आदल्या आठवड्यात पाठवलेल्या एक्सेलमधला होता, एका नगानेही हललेला नव्हता. पण तो माणूस चाचरला नाही. “सिंक रात्री होतं, गो-लाइव्हनंतर रिअल टाइम होईल,” म्हणाला, आणि पुढची स्लाइड आली. खोलीत बँकेचे पाहुणे बसलेले, त्यांच्यासमोर वाद कोण घालणार? वीस वर्षं माल मोजणाऱ्या माणसाचं म्हणणं एका स्लाइडने दाबलं, याचा संताप पैशांपेक्षा जास्त आहे. डेमो सुरू असताना आपल्या माणसाला एक खरी एंट्री करायला लावा. आकडा तिथल्या तिथे बदलला नाही तर बैठक संपवा.

त्याच संध्याकाळी मेल आला: फेज एक पूर्ण, कृपया ‘ओके’ कळवा. आम्ही सौजन्याने कळवलं. तो एक शब्द आज तो ‘काम स्वीकारल्याचा पुरावा’ म्हणून दाखवतोय.

तरी दुसरा हप्ता का दिला, असं सगळे विचारतात. मार्च अखेर होती. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, सूक्ष्म उद्योगाची. आयकराच्या ४३बी(एच) प्रमाणे अशा पुरवठादाराचं बिल ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, भागवलं नाही आणि वर्ष उलटलं, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. त्याने बिल बरोबर बेतून काढलं होतं. सीएंनी सांगितलं, भरून टाका. कायदा पाळायला गेलो आणि ११,५५,००० घालवले.

मग फोन बंद. आमच्या मुलाने तपासलं तेव्हा कळलं की ‘स्वतःचा प्लॅटफॉर्म’ म्हणजे फुकट मिळणारं मुक्तस्रोत ईआरपी (साठा, विक्री, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर), फक्त लोगो बदललेला. त्याच्या ‘लायसन्स’चे १२० जणांचे प्रत्येकी ६,००० म्हणजे ७,२०,००० कंत्राटात धरले होते. सर्व्हर त्याच्या नावावर, अॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे, आमचे ग्राहक आणि दर त्याच्या ताब्यात. क्लाउड खातं आणि डोमेन पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावावर हवं, यावर तडजोड नाही.

आणि मदत? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला: तुम्ही करार करून स्वतः आरटीजीएस केलंय, हा सायबर गुन्हा नाही. पोलीस ठाणं: हा दिवाणी मामला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) वकिलाने लिहून दिलं होतं, साहेबांनी कागद उलटून पाहिला नाही. आर्थिक गुन्हे शाखा: एवढ्या लहान रकमेचं प्रकरण आमच्याकडे येत नाही, ठाण्यात जा. ग्राहक आयोग: व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा, २०१९च्या कायद्यात बसत नाही. व्यावसायिक न्यायालयात जायचं तर आधी त्याच न्यायालयांच्या कायद्यातल्या कलम १२ए खाली मध्यस्थी, आणि तिथे समोरचा आलाच नाही. त्याला कुणी काही विचारलं नाही, आम्हाला मात्र पुढची तारीख.

सगळ्यात चीड जीएसटीची. त्याने जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरलं, म्हणून आमच्या २बी या यादीत क्रेडिट, म्हणजे आम्ही दिलेल्या जीएसटीची वजावट, दिसलं. ज्यासोबत कर प्रत्यक्ष भरायचा ते ३बी मात्र भरलंच नाही. नियम ३७ए प्रमाणे ४,८५,१०० रुपयांचं क्रेडिट आम्हीच उलटवायचं, म्हणजे सरकारला परत करायचं. कर बुडवला त्याने, वसुली आमच्याकडून! कोणत्याही जीएसटी क्रमांकाचे रिटर्न भरलेत की नाही हे पोर्टलवर फुकट दिसतं. पैसे देण्याआधी बघा, प्रत्येक हप्त्याआधी पुन्हा बघा.

वर त्याचीच नोटीस आली: उरलेला हप्ता द्या, नाहीतर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेत जातो. तिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि निकाल विरोधात गेला तर तो आव्हान द्यायलाही ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती परिषद मुळात पुरवठादाराचे थकलेले पैसे मिळवून देण्यासाठी आहे, फसलेल्या खरेदीदारासाठी नाही.

तो आता नव्या फर्मच्या नावाने फिरतोय. सादरीकरणात ‘यशस्वी ग्राहक’ म्हणून आमचा लोगो आणि त्याच डॅशबोर्डचा फोटो दाखवतो. सुट्या भागांच्या कारखान्याची अशी यशोगाथा कुणी तुमच्यासमोर मांडली, तर सही करण्याआधी त्या कारखान्याच्या स्टोअरकीपरशी बोलायचंय असं सांगा.