अंबडला ड्रॉस प्रेसची ट्रायल बघितली, आता पैसे कशात टाकायचे त्याबद्दल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ओळखीच्या एका डायकास्टिंग युनिटमध्ये (वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात दाबून भाग बनवतात तिथे) ड्रॉस प्रेसची, म्हणजे धातूची मळी दाबून त्यातला चांगला धातू काढणाऱ्या मशीनची ट्रायल होती, ती बघून आलो. आम्ही काही जण मिळून मळीतून धातू काढायच्या या धंद्यात पैसे टाकायचा विचार करतोय आणि त्यावरून सध्या जोरात वाद चालू आहेत, म्हणून मशीन कसं वाटलं ते सविस्तर लिहितो.

अॅल्युमिनियम वितळलं की वर जी मळी येते ती ड्रॉस. ती झाऱ्याने काढताना तिच्याबरोबर चांगला धातूही जातो, कधीकधी मळीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. आणि गरम मळी उघड्यावर ठेवली की ती आतल्या आत पेटत राहते, म्हणजे पैसे देऊन आणलेला माल आपल्या डोळ्यांसमोर जळून जातो.

ट्रायलमध्ये मळी भट्टीतून निघाली ती थेट बिडाच्या जाड तसराळ्यात, तसराळं लगेच प्रेसखाली, वरून दट्ट्या दाबत खाली आला आणि जो पांढरा धूर निघत होता तो बघता बघता कमी झाला, तळाच्या भोकांतून चकचकीत धातू खालच्या साच्यात उतरला. वर उरली ती काळपट घट्ट चकती, ती पेटत नव्हती. जुन्या पद्धतीत मळीत घालतात ते मीठ नाही, बर्नर नाही, डिझेल नाही. माणसं मळी हलवत भट्टीपाशी उभी राहतात तेही वाचलं, मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटली.

आता कमी काय ते. त्या चकतीत अजून धातू असतो, तो प्रेसने निघत नाही, त्यासाठी पुढे भट्टी लागतेच. दुसरं म्हणजे प्रेस विकणारे जी रिकव्हरीची, म्हणजे परत मिळालेल्या धातूची टक्केवारी सांगतात ती कशाची हे आधी विचारा. शंभर किलो मळीत पन्नास किलो धातू असेल आणि चाळीस निघाला तर कोणी चाळीस टक्के म्हणेल, कोणी ऐंशी, आणि दोघंही खरंच बोलतायत. आम्ही तिथे मळीचं वजन आधी घ्यायला लावलं तेव्हा कुठे हिशोब जुळला.

आमच्यातला वाद असा. दाजी शेअर बाजारवाले, त्यांचा जीव कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या पायरोजेनेसिस कंपनीवर. त्या कंपनीचं ड्रॉसराइट म्हणून तंत्र आहे, फिरती भट्टी, आत आर्गॉन वायू, मीठ अजिबात नाही आणि उरलेल्या मळीतला थोडा धातू जाळून त्याचीच उष्णता वापरायची. दाजी म्हणतात पुढे हेच चालणार, प्रेसवाल्यांचं काही खरं नाही. तिकडे ब्रिटनची आल्टेक कंपनी वर्षानुवर्षं प्रेस बनवतेय, ती 2018 मध्ये अमेरिकेच्या हार्स्को कंपनीने विकत घेतली, म्हणजे जाणत्या लोकांनी त्यातही पैसा घातलाच ना. आणि तिसरी आपली जुनी मिठाची फिरती भट्टी. तिची रिकव्हरी चांगली असते हे मान्यच केलं पाहिजे, पण मागे जी खारी मळी उरते तिचं काय? पावसात भिजली की मीठ विरघळून जमिनीत जातं आणि अमोनियाचा वास सुटतो, नाशिकच्या पावसात असे ढीग ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ड्रॉस आहे, त्यामुळे प्रदूषण मंडळाची परवानगी नसेल तर हा माल घेताच येत नाही.

माझं दाजींना म्हणणं एवढंच की अहो, ती आर्गॉनची भट्टी मोठ्या स्मेल्टरसाठी, म्हणजे अॅल्युमिनियम तयार करणाऱ्या कारखान्यासाठी ठीक आहे, तिथे मळी टनांनी निघते. आपल्याकडे अंबड सातपूरला एकेका युनिटची मळी शिफ्टला काही तसराळी. इथे आपली खरी स्पर्धा कॅनडाशी नाहीच, गेटवर येऊन मळी किलोवर उचलून रोख पैसे देणाऱ्या भंगारवाल्याशी आहे.

आणि म्हणूनच आमच्यातल्या एकाने मांडलेला प्लॅन, की सिन्नरला जागा घेऊन एकच मोठा प्रेस बसवायचा आणि सगळ्यांकडून टेम्पोने मळी आणायची, तो मला अजिबात पटलेला नाही. प्रेस चालतो तो गरम मळीवर. टेम्पो सिन्नरला पोचेपर्यंत ती थंड झालेली आणि जळायचं तेवढं जळून गेलेलं, मग दाबणार काय? प्रेस भट्टीच्या शेजारीच पाहिजे. छोटे प्रेस युनिटवाल्यांना भाड्याने द्यायचे, निघालेला धातू त्यांचा त्यांनीच परत भट्टीत टाकायचा आणि चकत्या तेवढ्या आपण वजनावर घ्यायच्या, असं केलं तर भंगारवाल्यापेक्षा त्यांना जास्त सुटतील. चकत्यांसाठी बिनमिठाची भट्टी नंतर, माल किती जमतोय ते बघून.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण ट्रायलला धुरासाठी हूड लावलाच नव्हता आणि चकतीत किती धातू उरला त्याचा लॅब रिपोर्ट मागितला तर अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय मी माझा हिस्सा भरणार नाही, दाजींनाही तसंच सांगितलंय.