घरच्या घरी डीएनए चाचणी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लाळेचा नमुना टपालाने पाठवून केल्या जाणाऱ्या डीएनए चाचणीचा अहवाल हाती आला की कोणत्या पानावर किती विश्वास ठेवावा, हे आधीच समजून घेणे आवश्यक आहे, असे मला आता ठामपणे वाटते. गेल्या काही महिन्यांत मी माझा अहवाल अनेकदा वाचला, सख्ख्या भावाच्या अहवालाशी ताडून पाहिला आणि आरोग्याच्या भागाविषयी आनुवंशिक समुपदेशकाशी सविस्तर बोलले. त्यातून माझे मत असे झाले आहे की वंशमूळाचा रंगीत नकाशा, ज्याच्या ओढीने बहुतेक जण चाचणी करतात, तो अहवालातील सर्वांत कच्चा भाग आहे. आणि ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो अशा नातेवाइकांची साधी यादी, जिच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही, ती सर्वांत पक्की असून तिचेच परिणाम सर्वांत दूरवर पोहोचतात.

नमुना देण्याची कृती सोपी आहे. अर्धा तास आधीपासून काही खायचे-प्यायचे नाही, नळीवरील खुणेपर्यंत लाळ भरायची, सोबतचा द्रव त्यात मिसळायचा आणि संचावरील क्रमांक आपल्या खात्यात नोंदवायचा. लाळेत तोंडाच्या अस्तरातील पेशी आणि पांढऱ्या रक्तपेशी असतात, त्यांतून डीएनए मिळतो. (ज्यांच्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे त्यांनी मात्र ही चाचणी करू नये, कारण त्यांच्या लाळेत दात्याचा डीएनएही आलेला असतो.) निकालासाठी काही आठवडे थांबावे लागते.

या चाचणीत आपला संपूर्ण डीएनए वाचला जात नाही, ही गोष्ट जाहिरातींतून पुरेशी स्पष्ट होत नाही. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या (डीएनएच्या साखळीतील घटकांच्या जोड्या) असतात आणि अशा बहुतेक चाचण्यांमधील चिप त्यांपैकी साधारण ६ ते ७ लाख ठरावीक जागा तपासते, म्हणजे दर १०,००० अक्षरांमागे जेमतेम २. माणसामाणसांत जेथे वारंवार फरक आढळतो अशाच जागा निवडलेल्या असल्यामुळे हे वाचन निरुपयोगी ठरत नाही. परंतु तपासले न गेलेल्या जागी काय आहे याविषयी अहवाल काहीच सांगू शकत नाही, आणि आरोग्याच्या भागातील सर्वांत धोकादायक गैरसमज नेमका येथून जन्मतो.

स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मार्च २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या घरगुती डीएनए चाचणीच्या कंपनीला या जनुकांतील ३ उत्परिवर्तने (जनुकाच्या रचनेतील बदल) थेट ग्राहकांना कळवण्याची परवानगी दिली. ही तिन्ही प्रामुख्याने अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू वंशाच्या लोकांत आढळतात, तर या दोन जनुकांतील ज्ञात उत्परिवर्तनांची संख्या हजाराच्या वर आहे. त्यामुळे इतर वंशाच्या स्त्रीच्या अहवालात ‘उत्परिवर्तन आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर त्यातून तिला जवळजवळ काहीच दिलासा मिळत नाही. ज्या घरात आई, मावशी किंवा आत्या यांना कमी वयात असा कर्करोग झाला आहे, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने संपूर्ण जनुक वाचणारी वैद्यकीय चाचणीच करायला हवी.

माझ्या अहवालात सीलिअक विकाराशी, म्हणजे गव्हातील ग्लूटेन न सोसण्याच्या विकाराशी निगडित असलेला एक जनुकप्रकार आढळला. समुपदेशकांनी शांतपणे समजावले की असा प्रकार सर्वसाधारण लोकसंख्येतील सुमारे ३० ते ४० टक्के लोकांत असतो आणि त्यांपैकी फार थोड्यांना विकार होतो. तो प्रकार नसता तर विकाराची शक्यता जवळपास संपली असती, पण तो असण्यातून एवढेच कळते की लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडण्याचे कारण त्यात नव्हते, आणि तपासणीआधीच ग्लूटेन बंद केले तर रक्ताचा निकाल फसवा येऊ शकतो, ही महत्त्वाची सूचनाही त्यांनीच दिली. अहवालातील एका ओळीचा खरा अर्थ लागण्यासाठी जाणकार माणूस लागतो, हे मला तेव्हा पटले.

अल्झायमरच्या जोखमीचे पान बंद ठेवलेले असते आणि ते उघडण्यापूर्वी पुन्हा संमती विचारली जाते, ही पद्धत मला योग्य वाटली. एपीओई जनुकाच्या ई-४ प्रकाराची एक प्रत असल्यास जोखीम साधारण २ ते ३ पट आणि दोन प्रती असल्यास साधारण ८ ते १२ पट वाढते असे सांगितले जाते; परंतु हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आलेले आहेत, आणि ई-४ असूनही हा आजार न झालेले वृद्ध पुष्कळ आहेत. मी ते पान उघडलेले नाही. भावाने उघडले आहे, आणि त्याचा निकाल मला न सांगण्याचे त्याने मान्य केले आहे, कारण त्याच्या निकालातून माझ्या शक्यतांचाही अंदाज बांधता येतो.

काही जण कंपनीकडून कच्चा डेटा, म्हणजे चिपने वाचलेल्या जागांची मूळ नोंद, उतरवून घेतात आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर त्याचा अर्थ लावून घेतात. या वाटेने जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कच्च्या डेटात दाखवलेली जनुकीय उत्परिवर्तने वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासली, तेव्हा त्यांपैकी ४० टक्के मुळात अस्तित्वातच नव्हती. विरळ उत्परिवर्तने वाचताना चिपची चूक होण्याचे प्रमाण मोठे असते. अशा निकालाच्या आधारे शस्त्रक्रियेचा किंवा औषध बंद करण्याचा विचार मनात येणेही घातक आहे.

वंशमूळाची टक्केवारी कशी काढतात हे कळल्यावर त्या नकाशाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आपल्या डीएनएचे तुकडे आज हयात असलेल्या, ज्यांचे पूर्वज एकाच प्रदेशातले आहेत अशा लोकांच्या संदर्भ गटांशी ताडले जातात आणि कोणत्या गटाशी साम्य अधिक आहे ते सांगितले जाते. संदर्भ गटात ज्या समाजाचे नमुने थोडे, त्या समाजाच्या माणसाला उत्तर ढोबळ मिळते. मध्यंतरी कंपनीने आपली पद्धत सुधारली आणि माझ्या खात्यातील एक प्रदेश संपूर्ण नाहीसा होऊन त्याचा वाटा शेजारच्या प्रदेशात मिळाला. माझे पूर्वज अर्थातच बदलले नव्हते. भावाची टक्केवारीही माझ्याहून वेगळी आहे, कारण सख्ख्या भावंडांत सरासरी निम्माच डीएनए समान असतो आणि आजी-आजोबांकडून कोणता तुकडा कोणाकडे येईल हे दर वेळी नव्याने ठरते. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशावळीत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि त्यांतील कित्येकांच्या डीएनएचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून एखादा प्रदेश नकाशात दिसला नाही यावरून तेथला पूर्वज नव्हताच, असे म्हणता येत नाही.

आईकडून आईकडे जाणारी शाखा मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएवरून आणि वडिलांकडून वडिलांकडे जाणारी वाय गुणसूत्रावरून कळते. स्त्रियांना वाय गुणसूत्र नसल्यामुळे वडिलांच्या शाखेची माहिती मला भावाच्याच अहवालातून मिळाली.

आता नातेवाइकांच्या यादीविषयी. आपला किती डीएनए कोणाशी जुळतो हे मोजताना संदर्भ गट लागत नाही, त्यामुळे जवळच्या नात्यांत हा हिशेब फारसा चुकत नाही. आई-वडिलांशी निम्मा, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याशी सरासरी २५ टक्के, तर सख्ख्या चुलत, मावस, आते आणि मामे भावंडांशी सरासरी १२.५ टक्के डीएनए जुळतो. आमच्या दोघांच्याही यादीत जवळजवळ याच शेवटच्या प्रमाणात जुळणारी एक व्यक्ती निघाली, जिचे नाव घरात कोणीही ऐकलेले नव्हते. आईकडच्या ओळखीच्या नातेवाइकांशीही ती जुळत होती, त्यामुळे बाजू लगेच निश्चित झाली. तिने अत्यंत सौजन्याने संदेश पाठवला होता. मी उत्तर देण्यापूर्वी मावशीशी बोलले, कारण हा प्रश्न आधी त्या पिढीचा होता. पुढे जे उलगडले ते येथे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्यानंतर कुटुंबातील काही माणसांची अनेक वर्षांची समजूत बदलली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होणे शक्य नाही. नळी भरण्यापूर्वी आई-वडील हयात असतील तर त्यांच्याशी आणि भावंडांशी स्पष्ट बोलून घ्यावे, हा माझा सर्वांत कळकळीचा सल्ला आहे.

हीच यादी गोपनीयतेच्या दृष्टीनेही नाजूक आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या खून-बलात्कार प्रकरणांतील आरोपी जोसेफ जेम्स डीअँजेलो याच्यापर्यंत पोलीस पोहोचले ते जेडमॅच या, लोक जेथे आपला डीएनए डेटा स्वतःहून चढवतात अशा संकेतस्थळावरील दूरच्या नातेवाइकांच्या जुळणीवरून. त्याने स्वतः तेथे आपला डेटा दिलेला नव्हता. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीची सुमारे १४,००० खाती इतर संकेतस्थळांवरून फुटलेल्या पासवर्डांनी उघडली गेली आणि नातेवाईक-जुळणीच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा जमा झालेल्या माहितीचे पुढे काय होणार हा प्रश्न लाखो ग्राहकांपुढे उभा राहिला. अमेरिकेत २००८ पासूनचा कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करू देत नाही, मात्र आयुर्विमा त्याच्या कक्षेत येत नाही.

मी खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावली, प्रयोगशाळेतील उरलेला नमुना नष्ट करण्याची विनंती केली आणि संशोधनासाठी दिलेली संमती मागे घेतली. पूर्ण झालेल्या अभ्यासांतून मात्र माहिती काढून घेता येत नाही, म्हणून हा निर्णय नोंदणी करतानाच घ्यावा. नातेवाईक-जुळणी मी सध्या बंद ठेवली आहे आणि भावाची तयारी झाल्याशिवाय ती पुन्हा सुरू करणार नाही.