एकच विडी, दोन शरीरे
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवून, पिवळ्या पडलेल्या बोटांत विडी धरून बसलेले दोन सख्खे भाऊ एकच धूर ओढतात. पण त्यातील ॲरोमॅटिक अमाइन्स ही कर्करोगकारक रसायने दोघांच्या यकृतात सारख्याच वेगाने निकामी होतील असे नाही. त्यांना निकामी करणारे विकर (एन्झाइम) आठव्या गुणसूत्रावरील नॅट-२ जनुक घडवते; या जनुकाची मंद रूपे आईवडील दोघांकडून आलेली असतील, तर ही रसायने अधिक काळ रेंगाळतात आणि धूम्रपान करणाऱ्याच्या मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. वेगवान रूप तेथे काहीसे संरक्षण देते. मात्र करपलेल्या मांसातील अमाइन्सना तेच विकर अधिक घातक बनवू शकते, म्हणून ‘वेगवान ते चांगले’ ही मांडणी मला पटत नाही. फुप्फुसाला तर विडीचा धोका दोन्ही भावांना आहेच.