ससाण्याच्या पिंजऱ्यापासून महागड्या घरापर्यंत : ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची एका शब्दावर घेतलेली परीक्षा

शब्दकोश चांगला की वाईट, हे त्याच्या प्रस्तावनेवरून किंवा शब्दसंख्येवरून ठरत नाही; एखादा शब्द हाती धरून त्याच्या मागोमाग कोशात शिरावे लागते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची ऑनलाइन आवृत्ती वर्गणी भरून वापरावी अशी आहे का, हे पाहण्यासाठी मी ‘म्यूज’ (mews) हा शब्द निवडला. लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्यांत मोठ्या रस्त्यांच्या पाठीमागे फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या आहेत. त्या गल्ल्यांना आणि त्यांतील बुटक्या, अतिशय महागड्या घरांना आज हे नाव आहे. मुळात मात्र हा पाळीव ससाण्यांकडून करवून घेण्याच्या शिकारीतला शब्द आहे, आणि पिंजऱ्यापासून घरापर्यंतचा त्याचा प्रवास जवळजवळ प्रत्येक वळणावर लेखी पुराव्याने दाखवता येतो. कोशाची परीक्षा घ्यायला असा शब्द फार सोयीचा असतो.

पहिली पायरी व्युत्पत्तीची. लॅटिनमध्ये ‘मुतारे’ म्हणजे बदलणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘म्युए’ हे क्रियापद आले आणि पक्ष्याने जुनी पिसे गाळून नवी धारण करणे हा त्याचा अर्थ शिकारी लोकांनी इंग्लंडात नेला. हरणाची शिंगे गळण्यालाही हेच क्रियापद वापरले जाई. सापाबद्दल आपण ‘कात टाकणे’ म्हणतो, पण पक्ष्यासाठी ‘पिसे झडणे’ यापलीकडे आपल्या रोजच्या बोलण्यात वेगळा शब्द नाही. ससाणे पाळणाऱ्यांना तो लागत असे, कारण पिसे झडण्याचे महिने त्यांच्या वर्षातले सर्वांत जपण्याचे महिने होते. या काळात पक्ष्याला शिकारीवर नेत नसत. त्याला भरपूर खाऊ घालून निवांत जागी ठेवत, म्हणजे नवी पिसे भक्कम येत. त्या जागेला ‘म्यू’ म्हणू लागले; ‘म्यूज’ हे त्याचेच अनेकवचन. म्हणजे क्रियेचे नाव पिंजऱ्याला मिळाले. मांजराचे ‘म्यू’ आणि समुद्रपक्ष्याचे ‘म्यू’ हे उच्चाराने सारखे असले, तरी त्यांचा या कुळाशी संबंध नाही, आणि कोश त्यांना वेगळ्या नोंदींत ठेवतो. घाईत शोधणारा वाचक नेमका इथे चुकीच्या दारात शिरतो, एवढे सांगून ठेवतो.

या कोशाचे खरे बळ व्याख्येत नाही, अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली सालवार वाक्ये दिलेली असतात आणि ती क्रमाने वाचत गेल्यास अर्थ कसा सरकला ते डोळ्यांसमोर येते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने हा शब्द निरनिराळ्या प्रकारे वापरलेला आढळतो. त्याच्या एका कथेतील राजकन्या जखमी मादी ससाण्यासाठी आपल्या उशाशी निळ्या मखमलीचा ‘म्यू’ करते. ती कथा ज्या मोठ्या काव्यात येते त्यातीलच खाण्याचा शौकीन जमीनदार आपल्या ‘म्यू’त लठ्ठ तित्तिर बाळगून असतो, म्हणजे पिंजरा ससाण्याचा उरला नाही, ताटात येणाऱ्या पक्ष्यांचा खुराडा झाला. दुसऱ्या एका काव्यात प्रेमात पडलेला नायक आपली इच्छा ‘म्यू’त लपवून ठेवण्याचे ठरवतो, आणि इथे पिंजरा उरलाच नाही, गुपित तेवढे राहिले. एकाच माणसाच्या लेखणीत इतके अंतर पडलेले पाहिले, की शब्दाचे अर्थ शतकाशतकाने पायरी पायरीने बदलतात ही शाळेतली समजूत ढिली होते.

चॉसरबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी अवतरणाखाली कधीच नसते, कारण तिथे लेखक, ग्रंथ आणि साल एवढीच जागा असते. १३८९ ते १३९१ या काळात चॉसर राजाच्या बांधकामांचा कारभारी होता, आणि त्याच्या ताब्यातील वास्तूंच्या यादीत लंडनमधील चेअरिंग क्रॉस या ठिकाणाजवळचे राजाच्या ससाण्यांचे ‘म्यूज’ही होते. ज्याच्या ओळी या शब्दाचा पुरावा म्हणून दिल्या जातात, त्याच्यावरच त्या इमारतीच्या डागडुजीची जबाबदारी होती. कोशाला यासाठी दोष देणे योग्य नाही, पण केवळ कोश वाचून शब्दाचा इतिहास पुरा होतो असे मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पुढे शेक्सपिअरच्या काळी कोंडून ठेवणे हा अर्थ ठळक झाला. त्याच्या नाटकांत राजाचा भाऊ तुरुंगात ‘म्यू’ होतो, लग्न नाकारणाऱ्या मुलीला मठाच्या सावलीत जन्मभर ‘म्यू’ होण्याची धमकी मिळते. पिसे गाळण्याचा मूळ अर्थ मागे पडत होता, तरी मेला नव्हता. १६४४ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याची बाजू मांडताना कवी मिल्टनने आपल्या राष्ट्राची कल्पना बलाढ्य तारुण्य ‘म्यू’ करणाऱ्या गरुडाच्या रूपात केली. त्याच शब्दाने एकीकडे माणसे कोंडली जात होती आणि दुसरीकडे राष्ट्र नवी पिसे धारण करीत होते. माझ्या मते या नोंदीतील सर्वांत वाचनीय जागा हीच आहे.

आता स्थळाकडे. चेअरिंग क्रॉसच्या या वास्तूत राजाचे ससाणे राहत होते, याची साक्ष दुसऱ्या रिचर्डच्या पहिल्या वर्षातील, म्हणजे १३७७ च्या सुमाराच्या दप्तरात मिळते. पुढे तिथे घोडे आले. प्रचलित गोष्ट अशी की १५३४ मध्ये म्यूज जळाले आणि त्या जागी तबेला बांधला गेला. पण लंडनचे वर्णन करणाऱ्या जॉन स्टोने १५९८ मध्ये लिहिले आहे ते वेगळे आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आग ब्लूम्सबरीच्या राजतबेल्याला लागली, त्यात बरेच घोडे आणि चारा जळाला, आणि त्यानंतर चेअरिंग क्रॉसचे म्यूज नव्याने बांधून घोड्यांसाठी तयार करण्यात आले. म्हणजे जळाला तो तबेला, ससाण्यांचे घर नव्हे. घोडे आले, नाव तेच राहिले, आणि ‘म्यूज’ म्हणजे तबेला हा अर्थ या एका स्थलांतरातून भाषेत शिरला. चौथ्या जॉर्जने १८२५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याजवळ जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाकडून नवे राजतबेले पुरे करून घेतले, तेव्हा नावही घोड्यांबरोबर तिकडे गेले. जुन्या जागेवर आज ट्रफाल्गर चौक आणि राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे.

राजाच्या तबेल्याला म्यूज म्हणतात म्हटल्यावर सरदारांच्या तबेल्यांनाही ते नाव पडले. मोठ्या घराच्या मागे गल्ली, खाली घोडे आणि बग्गी, वर चारा आणि मोतद्दाराची खोली, अशी ही रचना होती. मोटारी आल्या, तबेल्यांची गॅरेजे झाली, गॅरेजांची घरे झाली, आणि पूर्वी शेणाचा वास येतो म्हणून आड ठेवलेल्या गल्लीत राहणे प्रतिष्ठेचे ठरले. आता घोडा कधीही न पाहिलेल्या नव्या वसाहतींनाही बांधकाम व्यावसायिक हे नाव देतात. पिंजरा अनेक पक्ष्यांचा, म्हणून हा शब्द मुळात अनेकवचनी होता. आज तो सर्रास एकवचनी वापरला जातो.

सेवेबद्दल सांगायचे तर हा कोश १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळात सुचवला गेला, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची होती. ऑनलाइन आवृत्ती २००० पासून आहे आणि तिची फेरतपासणी ‘ए’पासून नव्हे तर ‘एम’पासून सुरू झाली, त्यामुळे आपला शब्द नशीबवान. ते काम अजून संपलेले नाही. काही नोंदी ताज्या, तर काहींत शंभर वर्षांपूर्वीचा अभ्यास तसाच, ही विषमता वापरणाऱ्याने गृहीत धरावी. नोंदीचा थोडा भाग विनामूल्य दिसतो, पण सालवार अवतरणांसाठी वर्गणी लागते. ब्रिटनमधील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना ती वेगळी भरावी लागत नाही, तेव्हा तिथे राहणाऱ्या मराठी वाचकाने आधी ग्रंथालयाचे कार्ड काढावे. अर्थकोश, म्हणजे शब्दांची अर्थानुसार गटवारी करणारा कोश, २०१० पासून याला जोडलेला आहे. त्यातून ससाण्याच्या शिकारीचे इतर शब्द सापडतात, आणि मला तो व्याख्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

या कोशाशेजारी आपला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ठेवून पाहावा असे वाटले. तो १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. ज्ञानेश्वरीपासूनची अवतरणे त्यातही आहेत, पण सालांची उतरंड नाही. त्यामुळे शब्द कोठून आला ते कळते, केव्हा वळला ते कळत नाही. गंमत म्हणजे आपले मुंगूस ऑक्सफर्डच्या कोशात ‘माँगूज’ या रूपात आहे आणि त्याचे मूळ मराठी म्हणून सांगितले आहे.

इंग्रजी वाचताना केवळ अर्थ हवा असणाऱ्याने या वर्गणीवर पैसे घालू नयेत. त्यासाठी विनामूल्य कोश पुरे आहेत. अनुवादकाने, जुन्या साहित्याच्या विद्यार्थ्याने, आणि शब्दामागे तास घालवण्याची सवय असलेल्याने मात्र ती घ्यावी, आणि शोधाची सुरुवात ‘म्यूज’पासून केली तरी हरकत नाही. ससाणे पाळणारे आजही पक्ष्यांच्या घराला हेच नाव देतात.